मोदिकातली दुपार

६ मे, मोदिका, सिसिली

आज सकाळी आईला घेऊन सान जॉर्जो चर्च पाहिलं. रस्त्यापासून वर अडीचशे पायऱ्या! आईचे गुडघे दुखतात, म्हणून मी रिक्षासारखं काही मिळतंय का बघत होते, तर ती म्हणाली, "जेजुरी चढलेय मी, चल." दर वीस-पंचवीस पायऱ्यांवर बसत, पाणी पीत पोचलो.

खालून पाहिलं तर चर्चचा दर्शनी भाग डोंगरातूनच वर आल्यासारखा वाटतो. मधाच्या रंगाचा दगड, पाच दारं, आणि एकावर एक चढत गेलेले खांब. ११ जानेवारी १६९३ च्या भूकंपात हा सगळा प्रदेश जमीनदोस्त झाला, जवळपास साठ हजार माणसं गेली. त्यानंतर लोकांनी जे उभं केलं ते असं, नटलेलं, वळणावळणांचं. इतकं गमावल्यावर कुणी साधंच बांधलं असतं तरी चाललं असतं. त्यांनी तसं केलं नाही, याचं मला राहून राहून भरून येत होतं.

आत वेदीमागे १५७३ मधली चित्रं आहेत. घोड्यावरून भाल्याने ड्रॅगनला मारणारा संत जॉर्ज दिसताच आईने हात जोडले. "आपला खंडोबाच की गं."

मला मात्र जमिनीवरची रेघ बघायची होती. १८९५ मध्ये आर्मांदो पेरिनी यांनी इथे सूर्यघटिका आखली. वरच्या बारीक छिद्रातून ऊन आत येतं आणि फरशीवरच्या पट्टीला टेकलं की खरी माध्यान्ह. आता उन्हाळ्यासाठी इथली घड्याळं एक तास पुढे केलेली असल्याने ती घड्याळात एक वाजण्याच्या जरा आधी येते. दार बंद करायची वेळ झाली होती, तरी किल्ल्या घेऊन उभा असलेला म्हातारा आमच्यासाठी थांबला.

बशीएवढा उजेडाचा ठिपका. आधी वाटलं, हलतच नाही. मग फरशीच्या एका सांध्यावर नजर ठेवली, तर तो सांधा हळूहळू उजळला आणि पुन्हा विझला. म्हातारा पुटपुटला, "मेत्सोजोर्नो." म्हणजे माध्यान्ह. ठिपका पट्टीवर आला होता.

आई खाली बसली आणि तळहात पट्टीवर ठेवला. ऊन तिच्या बांगड्यांवर चढलं, मनगटावरून सरकलं, पलीकडे गेलं.




खाली उतरून इथलं दालचिनीचं चॉकलेट घेतलं. मंद आचेवर करतात, साखर विरघळत नाही. दाताखाली कणी येते.