हात न टेकता

दुपारी औषधाच्या बाटलीचं झाकण घरंगळत दिवाणाखाली गेलं. काढायला खाली बसलो आणि उठताना एक हात दिवाणावर, दुसरा गुडघ्यावर, तोंडातून "आई गं". आतून सौ. ओरडली, "काय झालं?" काहीच झालं नव्हतं. उठलो होतो, एवढंच.

ब्राझीलचे डॉक्टर क्लॉदियो आराउजो यांची यावर एक चाचणीच आहे. जमिनीवर बसण्याचे पाच गुण, उठण्याचे पाच. हात, गुडघा, जे काही टेकाल त्याला एकेक गुण वजा. 51 ते 80 वयाच्या 2002 लोकांवरचा त्यांचा अभ्यास 2012 साली प्रसिद्ध झाला. कमी गुणवाल्यांतली माणसं पुढच्या काही वर्षांत जास्त दगावलेली दिसली. हे वाचल्यापासून मला वाईट खोड लागली आहे. पंगतीत बसलो की श्रीखंड बाजूलाच राहतं, मी उठणाऱ्यांना गुण देत बसतो.

आजीला पैकीच्या पैकी मिळाले असते. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरात ती विळीवर एक पाय दुमडून भाजी चिरायची. उठताना एका हातात भाजीचं ताट, दुसऱ्यात मिटलेली विळी. टेकायला हात मोकळा असायचाच कुठे? फार कौतुकही नको, सत्तरीत तिचे गुडघेही कुरकुरू लागले होते.

मला मात्र आखाड्यात घातलं होतं. जुम्मादादा आणि प्रो. माणिकराव या व्यायामाचार्यांचं हे गाव, व्यायामाचा मराठी ज्ञानकोश दहा खंडांत निघाला तो बडोद्यातूनच. तेव्हा घरात यावर चर्चा नव्हती. वस्तादांनी बरेच दिवस कुस्तीला हात लावू दिला नाही. फावडं दिलं आणि हौद, म्हणजे कुस्तीच्या मातीचा खड्डा, उकरायला सांगितला. घामाने हात निसटायचा, तांबडी माती दातांत करकरायची, आणि आम्हाला वाटायचं, यांना फुकटचे गडी मिळाले. त्यानंतर बैठका. कंबर वाकली की पोटरीवर छडी.

आता आमचा कंपू सकाळी कमाटीबागेत फेऱ्या मारतो. चाललो म्हणजे झालं, असं सगळ्यांचं ठाम मत. चालण्याने दम टिकतो, पण तेवढ्याने मांड्या टिकत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटांच्या हालचालीशिवाय दोन दिवस ताकदीचे व्यायाम सांगते, आणि पासष्टीनंतर तीन दिवस तोल सांभाळण्याचे. मी हे काढलं की मंडळी सेव-उसळीचा विषय काढतात. बागेतल्याच म्युझियममध्ये गामा पहिलवानाने 1902 साली उचललेला म्हणून सांगतात तो दगड आहे. पाहुण्यांना तो आम्ही अभिमानाने दाखवतो.

गेल्या पावसाळ्यात बाबा न्हाणीघरात पडले. हाड मोडलं नाही, मुका मार लागला. पण उठता येईना, आणि हाक मारायची लाज वाटली म्हणून बराच वेळ ओल्या फरशीवर तसेच बसून राहिले. शेवटी शेजारच्या मुलाला बोलावून आम्ही दोघांनी उचललं. फिजिओथेरपिस्टने आता त्यांना खुर्चीतून हात न लावता उठायला सांगितलंय, सकाळ-संध्याकाळ. मोजायचं काम माझ्याकडे. ते मधले आकडे गाळतात, मी गाळू देत नाही. सध्या आमचं बोलणं जरा कमी आहे.