बाबांच्या वहीतून तासाचा पाऊस

बाबांच्या वहीतले पंधराही पावसाळे संगणकावर चढवून झाले. बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या अगाशीवर ते रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापक बघायचे. हवामान खात्याचा पावसाचा दिवसही साडेआठलाच बदलतो, म्हणून दोन्हीकडचे आकडे शेजारी ठेवता येतात. घरचे लग्नाकार्याला पुण्याला गेले की परत आल्यावर दोन-तीन दिवसांचा पाऊस एकाच रकान्यात पडलाय. असे दोन आकडे त्या वर्षाचे कमाल ठरत होते, ते वगळले.

मला हवाय तासाभराचा पाऊस. विश्वामित्री नदीला पूर येतो तो दिवसभराच्या पावसाने आणि आजवा तलावातून येणाऱ्या पाण्याने. पण गल्लीत गुडघाभर पाणी साचतं ते अर्ध्या-पाऊण तासाच्या सरीने. वहीत मात्र फक्त चोवीस तासांची बेरीज. तिथून खाली उतरायला आपल्याकडे घनमुळाचा नियम वापरतात: हवे तेवढे तास भागिले २४, त्याचं घनमूळ, गुणिले दिवसाचा पाऊस. तीन तासांना बरोबर निम्मा येतो, एका तासाला सुमारे ३५ टक्के, पंधरा मिनिटांना २२ टक्के.

नियम ताडून बघायला एकच मोठा दिवस हाताशी होता, ३१ जुलै २०१९. शहरात त्या चोवीस तासांत सुमारे ५०० मिमी पडला आणि त्यातला पावणेतीनशेहून जास्त दुपारी चार ते रात्री आठ या चार तासांत. नियमाने चार तासांना २७५ येतात. इतकं जुळलेलं बघून मी दोनदा हिशेब तपासला.

पण या जुलैत एका संध्याकाळी माझ्या नव्या स्वयंचलित मापकाने दिवसाचे ६२ मिमी दाखवले, त्यातले ४४ एका तासात. नियम म्हणतो साडेएकवीस. म्हणजे निम्म्याहून कमी! दिवसभर लागून राहणाऱ्या पावसाला नियम चालतो; विजांसकट येऊन तासाभरात निघून जाणाऱ्या सरीला तो फार तोकडा पडतो. माझं मत असं झालंय की तासाच्या खाली केवळ या नियमावर विसंबून आकडा देऊ नये.

त्यातही ते ४४ कमीच असावेत. माझ्या मापकात एक छोटी डबी भरली की पलटते आणि त्या पलट्या मोजल्या जातात. त्याचं तोंड २०० चौरस सेंमी, एक पलटी ०.२ मिमीची. ४०० मिली पाणी थेंबथेंब सोडलं की १०० पलट्या व्हायला हव्यात, आणि होतात. तेवढंच पाणी जोरात सोडलं तर ९३ झाल्या, कारण डबी पलटत असताना वरून पडणारं पाणी मोजणीत येत नाही. नेमक्या धोधो पावसातच मापक कमी बोलतो.

आता गुंबेल, म्हणजे वर्षावर्षाच्या कमाल आकड्यांवरून क्वचित येणाऱ्या मोठ्या पावसाचा अंदाज काढायची संख्याशास्त्रीय पद्धत. वर्षाचा एकेक कमाल आकडा घेऊन पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पाऊस काढायचा होता. आकडे सोपे करून सांगतो: २०१९ सोडून चौदा वर्षांची सरासरी १४० मिमी आणि प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) ४० धरा. उत्तर साधारण २४५ येतं. त्यात ५०० चा एक दिवस घाला, विचलन १०० वर जातं आणि उत्तर ४३० होतं. एका रकान्याने सुमारे १८५ मिमीचा फरक! तो दिवस खरा आहे, गाळणं मला पटत नाही. म्हणून दोन्ही उत्तरं लिहून ठेवतोय, आणि एवढ्या छोट्या मालिकेवरून शंभर वर्षांचा आकडा काढायचा नाही असं ठरवलंय.

साडेआठच्या रेषेने रात्रीचा पाऊस दोन दिवसांत चिरला जातो, त्यासाठी अमेरिकी जलशास्त्रज्ञ हर्शफील्ड यांचा १.१३ हा गुणक आहे. तो सरासरीने लागू पडतो, म्हणून गुंबेलच्या उत्तराला लावला, सुट्या दिवसांना नाही.

सगळ्यात मोलाची गोष्ट शेवटी सापडली. २०१९ च्या त्या दिवशी मापकातली बाटली भरून वाहू नये म्हणून बाबांनी ती पुन्हा पुन्हा रिकामी केली, आणि दर खेपेला समासात पेन्सिलीने घड्याळाची वेळ टिपली. पंधरा वर्षांत वेळेसकट मिळालेला पाऊस एवढाच. पेन्सिल पुसट झालीय. एक वेळ सव्वापाच की सव्वासहा ते भिंगाखालीही ठरत नाही. कारेलीबाग, मांजलपूर किंवा फतेगंजात त्या संध्याकाळी कुणी वेळ बघून मोजलं असेल तर आकडे नक्की पाठवा, ती एक ओळ त्यावरून लावता येईल.