नोकरी सोडताय? मेडिक्लेमचं नोटीस पिरियडमध्येच बघून घ्या

बेळगाव, खानापूर, निपाणी ह्या पट्ट्यातली आपली पोरं पुण्याला नाहीतर बेंगळूरला नोकरीला जातात, दोन-चार वर्षांनी कंपनी बदलतात, मधे महिना-दोन महिने घरी येऊन राहतात आणि नेमकं त्याच दिवसांत घरात कुणाला ॲडमिट करायची वेळ आली तर पैसे कुठनं उभे करायचे ह्याचा विचार कुणी केलेला नसतोय. मी सध्या त्याच मधल्या काळात बेळगावात शहापूरला घरी आहे, आणि मित्र सारखं हेच विचारायलेत म्हणून सगळं एकदाच लिहितोय.

कंपनीचा मेडिक्लेम हा कंपनीचा असतोय, आपला नव्हे. बहुतेक ठिकाणी लास्ट वर्किंग डे संपला की त्याच रात्री आपलं नाव निघतंय, आणि आपल्याबरोबर बायको, पोरं, आई-बाबा सगळ्यांचंच. नवीन कंपनीचा कव्हर मिळणार जॉइन झाल्यावर. मधल्या दिवसांसाठी म्हणून घरी आल्यावर नवी पॉलिसी काढली तर पहिले ३० दिवस ॲक्सिडेंट सोडून काहीच क्लेम होत नाही, मोतीबिंदू, हर्निया, गुडघा बदलणं असल्या ठरावीक गोष्टींना बऱ्याच पॉलिसीत दोन वर्षं थांबावं लागतंय, आणि आधीपासूनच्या शुगर-बीपीला तर जास्तीत जास्त तीन वर्षं. पूर्वी हे चार वर्षांपर्यंत होतं, आयआरडीएआयनं, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, २०२४ मध्ये कमी केलं.

म्हणून खरी सोय आहे ती मायग्रेशनची, आणि ती फार कमी लोकांना ठाऊक असतीय. ज्या इन्शुरन्स कंपनीकडनं ऑफिसनं सगळ्यांची मिळून ग्रुप पॉलिसी घेतली होती तिच्याकडंच आपण स्वतःची वेगळी पॉलिसी मागायची, म्हणजे ग्रुपमध्ये काढलेली वर्षं वेटिंगमधनं, म्हणजे वर सांगितलेल्या थांबायच्या मुदतीतनं, वजा होतात. तीन वर्षं सलग कव्हर असेल तर बाबांच्या शुगरचं वेटिंग तिथंच संपलं की! पण वजावट मिळते ती जुन्या रकमेपुरतीच, म्हणजे ग्रुपमध्ये ३ लाख होते आणि आता १० लाख घेतले तर वरच्या ७ लाखांना वेटिंग नव्यानं सुरू. शिवाय इन्शुरन्स कंपनी मेडिकल टेस्ट सांगू शकते, प्रीमियम वाढवू शकते, म्हणून राजीनामा दिला त्याच आठवड्यात एचआरला मेल टाका, पॉलिसीची कॉपी, मेंबरशिपचा पुरावा आणि इन्शुरन्स कंपनीच्या माणसाचा नंबर मागून घ्या, शेवटच्या दिवसाची वाट बघत बसू नका. एचआरला माहीत नसेल तर सरळ इन्शुरन्स कंपनीला लिहायचं. मी तसंच केलं.

फॉर्म भरताना मात्र घरात वाद झाला. बाबा म्हणाले, "बीपीची गोळी कशाला लिहितोस, प्रीमियम वाढतोय बघ." मी म्हटलं, "बाबा, लिहायलाच पायजे," आणि गोळ्यांचं पाकीट समोर ठेवून नाव, डोस, कधीपासून चालू आहे ते सगळं बघून बघून लिहिलं, जुने रिपोर्टही जोडले. पाच वर्षं सलग कव्हर झाला की काहीतरी लपवलं होतं म्हणून क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी, पण त्याआधी ॲडमिट व्हायची वेळ आली आणि डॉक्टरनं केसपेपरवर लिहिलं की पेशंटला दहा वर्षांपासून बीपी, तर काय करणार? माझं ठाम मत आहे, आई-बाबांच्या बाबतीत एक गोळीसुद्धा लपवू नये, दोन पैसे जास्त गेले तर गेले. तसंही २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी गेलाय.

आणखी एक, पत्ता. काही पॉलिसींचा प्रीमियम शहराच्या झोनवर ठरतोय, बेळगावचा पत्ता दिला की स्वस्त पडतंय, पण पुण्या-मुंबईत ट्रीटमेंट घेतली की बिलाचा काही हिस्सा आपल्याला भरावा लागू शकतोय. आपल्याकडची माणसं मोठं काही निघालं की मिरज, कोल्हापूर नाहीतर पुणं गाठतात, तेव्हा हे कलम आधी वाचा आणि तिथलं कुठलं हॉस्पिटल कॅशलेसमध्ये आहे तेही बघा.

बेळगावात उद्यमबागेत, मच्छेकडं फौंड्रीत, मशीन शॉपमध्ये काम करणाऱ्यांचं गणित वेगळं. पगार महिना २१ हजारांपर्यंत असेल तर ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, असतंय, आणि काम सुटलं म्हणून कार्ड लगेच बंद होत नाही. एप्रिल ते सप्टेंबरमध्ये किमान ७८ दिवसांची वर्गणी भरली असेल तर पुढच्या जानेवारी ते जूनपर्यंत उपचार मिळतात. आमच्या शेजारचे अण्णा काम सुटल्यावर कार्ड कपाटात टाकून खाजगी दवाखान्यात पैसे मोजत होते, फार वाईट वाटलं, हक्काची गोष्ट कुणी सांगितलीच नव्हती.

आणि काहीच नसेल तर रेशन कार्ड बाहेर काढा. आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटकात बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, एपीएलला पॅकेजच्या, म्हणजे उपचाराच्या ठरवून दिलेल्या खर्चाच्या, ३० टक्के, दीड लाखांपर्यंत. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये महात्मा फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं, कर्नाटक सरकारनं त्याला विरोध केला, आणि आपल्या लोकांच्या आजारपणातही हा वाद आडवा येतो ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं. तुमचं गाव त्यात असेल तर सीमेपलीकडच्या हॉस्पिटलला न्यायच्या आधी तिथल्या आरोग्यमित्राशी, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या हॉस्पिटलमधल्या माणसाशी, फोनवर बोलून घ्या.

नवीन नोकरी लागली की स्वतःची पॉलिसी बंद करू नका, दोन्ही चालू राहू देत. वर्षाचा हप्ता चुकला तर ३० दिवसांची मुदत असतीय, महिन्याचा असेल तर १५ दिवस, तेवढ्यात भरून टाका. मायग्रेशनचा मेल कसा लिहायचा ते कुणाला पायजे असेल तर सांगा, माझा पाठवून देतो.