‘ज्ञ’ या एका अक्षरापायी

बेळगावहून चोर्ला घाटाने गाडी काढली की नाष्टा करून निघालेला माणूस जेवायला पणजीत असतो. म्हणून आम्ही आधी मुंबईला जाणार आणि तिथून जहाजाने गोव्यात उतरणार म्हटल्यावर गल्लीतल्या प्रत्येकाने विचारलं, "एवढा वळसा कशाला ओ?"

वळसा मामांसाठी होता. मामा म्हणजे माझे सासरे, वय ७४, मूळ खानापूरकडचे. गोवा मुक्त झाल्यावर काही वर्षांनी आजेसासऱ्यांनी त्यांना लोंढ्याला गाडीत बसवून वास्कोला नेलं होतं. कॅसलरॉक, दूधसागर, कुळे करत जाणारा हा रेल्वेमार्ग पोर्तुगिजांच्या काळात, १८८० च्या दशकात, मुरगाव बंदरासाठीच टाकलेला. तेव्हा मीटर गेज होतं. बंदरात लागलेली जहाजं मामांनी त्या दिवशी लांबून पाहिली आणि लोक शिडीवरून उतरताना पाहिले. मुरगावला आपणही एकदा तसं जहाजातून उतरायचं, हे त्यांनी आम्हाला इतक्यांदा सांगितलं होतं, की माझ्या मुलीलाही ते पाठ होतं.

रात्रीची स्लीपर बस, मुंबई, बॅलार्ड पिअर, सामानाची तपासणी, सगळं व्यवस्थित झालं. जहाजावरची रात्रही छान गेली. सकाळी जहाज मुरगावला लागलं, तेव्हा मामा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून तयार होते. दहा वाजता उतरायला सुरुवात, संध्याकाळी पाचपर्यंत परत जहाजावर. सात तास हातात. कोलव्याला जायचं, पोरांना पाण्यात सोडायचं, मासे खायचे, येताना वास्कोचं स्टेशन मामांना दाखवायचं, असं मी कागदावर लिहून ठेवलं होतं.

उतरताना दारात केबिनचं कार्ड मशीनला लावावं लागतं. माझं लागलं, ह्यांचं लागलं, आत्यांचं म्हणजे माझ्या सासूबाईंचं, दोन्ही पोरांचं लागलं. मामांचं लावल्यावर लाल दिवा. परत लावलं, परत लाल. तिथल्या मुलाने मामांना बाजूला उभं केलं आणि सांगितलं, काउंटरवर जा.

काउंटरवर कळलं ते असं. मामांच्या नावाचं पहिलंच अक्षर ‘ज्ञ’. आपण मराठी माणसं ते इंग्रजीत ‘डीएनवाय’ असं लिहितो. कर्नाटकात ते ‘जेएन’ असं लिहितात, कारण कन्नडमध्ये त्या अक्षराचा उच्चारच वेगळा. मामांच्या आधारवर इंग्रजीत ‘डीएनवाय’ आहे आणि मतदान कार्डावर ‘जेएन’. बुकिंग मी आधार बघून केलं होतं. पण मुंबईला चढताना मामांनी सवयीने खिशातलं मतदान कार्ड पुढे केलं, आणि तिथल्या मुलीने केबिन कार्डावर ते नाव टाकलं. गोव्यात उतरणाऱ्यांची यादी बुकिंगवरून निघालेली. म्हणजे कार्डावर एक माणूस आणि यादीत दुसरा.

मी दोन्ही कार्डं पुढे ठेवली. फोटो तोच, जन्मतारीख तीच, पत्ता तोच. मी म्हटलं, दोन्हींवर वरची ओळ कन्नडमध्ये आहे, ती बघा, ते नाव अक्षर अन् अक्षर सारखं आहे. बेळगावात शाळेत आम्ही कन्नड शिकलोय, मला वाचता येतं. त्यावर उत्तर मिळालं, "मॅडम, तुम्ही वाचून चालणार नाही." वरिष्ठांना फोन केला, ते नाश्त्याला गेले होते. मग सांगितलं, अर्ज लिहा. लिहिला. मग म्हणाले, मराठीत नको, इंग्रजीत द्या. तोही दिला. मग तो अर्ज एका ट्रेमध्ये ठेवला आणि पाऊण तास कुणी त्याला हात लावला नाही. मला आजही तो निळा ट्रे डोळ्यांसमोर दिसतो.

मामा खुर्चीवर बसून होते. समोरच्या काचेतून बंदर दिसत होतं, लोक शिडीवरून उतरून बसकडे जात होते. साडेअकराला मामा म्हणाले, "पोरांना घेऊन तुम्ही जावा की. मी हितनं बघतो. दिसतंय की सगळं." मला तेव्हा रडूच आलं. साठ वर्षं लांबून बघितलेलं त्यांनी परत लांबूनच बघायचं? ह्यांना मी पोरांना घेऊन खाली जायला सांगितलं, आत्या आणि मी तिथून हललो नाही.

पावणेबाराच्या सुमारास जेवणघरातला गणवेश घातलेला एक मुलगा काउंटरवर कसलीतरी चावी द्यायला आला. त्याच्या छातीवरचं नाव बघून मी अंदाजाने कन्नडमध्ये विचारलं, ऊर याव्दु? म्हणजे गाव कुठलं? मंगळूर, म्हणाला. माझं कन्नड तोडकंमोडकंच, पण मी त्याला दोन्ही कार्डं दाखवली. त्याने मोठ्याने दोनदा वाचलं आणि काउंटरवरच्या बाईंना आधी कन्नडमध्येच म्हणाला, "एरडू ओंदे हेसरु." मग इंग्रजीत सांगितलं, दोन्ही एकच नाव आहे. त्यांनी त्याला सही करायला सांगितली. त्याने माझ्या अर्जाच्या खाली सही केली. दहा मिनिटांत वरिष्ठ आले, यादीत दुरुस्ती झाली, मशीनचा दिवा हिरवा झाला. १२ वाजून ५ मिनिटं. मी घड्याळाचा फोटो काढून ठेवलाय.

जे मी दोन तास सांगत होते तेच त्याने सांगितलं. माझं का चाललं नाही, याचा राग अजून गेलेला नाही. त्या मुलाचे उपकार मात्र आयुष्यभर विसरणार नाही.

आता बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या लोकांसाठी सांगते. घरात ज्ञ, क्ष, ळ असं अक्षर नावात-आडनावात असलेलं कुणी असेल तर सगळी ओळखपत्रं एकत्र काढून इंग्रजी स्पेलिंग जुळवून बघा. बुकिंग ज्या ओळखपत्रावर केलंय तेच, मूळ प्रत, चढताना दाखवा. दुसरं बॅगेच्या तळाशी ठेवा. केबिन कार्ड हातात पडलं की तिथेच नाव वाचा. मी वाचलं असतं तर मुंबईलाच दुरुस्त झालं असतं. आधारवरचं नाव बदलायला आयुष्यात दोनच संधी मिळतात, तेव्हा घाईने बदलू नका. आम्ही मामांचं आधार तसंच ठेवून मतदान कार्डाचा अर्ज भरला.

कोलवा सोडून दिलं. बंदरातून मुरगावच्या फाटकाबाहेर आलो, टॅक्सी ठरवली. जाणं, थांबणं, येणं असे सगळे पैसे आधीच बोलून घ्या, आणि गोव्यात रोख जवळ असू द्या. बोगमाळो जवळ पडतं, दाबोळी विमानतळाला लागूनच. लहान, वाकडा किनारा, लाटा बेताच्या. जीवरक्षकांनी लाल-पिवळे झेंडे लावलेल्या मधल्या पट्ट्यातच पोरांना जाऊ दिलं. सुरमई फ्राय, भात, सोलकढी. आत्यांनी चप्पल काढून वाळूत डबा उघडला, त्यात बेळगावचा कुंदा होता. हो, जहाजावरून खाणं खाली नेऊ देत नाहीत, पण कुंदा पर्समध्ये होता आणि कुणी विचारलं नाही.

मामा गुडघाभर पाण्यात अर्धा तास उभे होते, पँट दुमडून.

परतताना वास्को स्टेशनवर दहाच मिनिटं मिळाली. प्लॅटफॉर्मवर गेल्यावर त्यांनी लोंढ्याची दिशा हाताने दाखवली आणि मुलीला म्हणाले, "हितं उतरलो बघ, माझ्या बाबांच्या संगं." परतीला एक तास राखून निघा, बंदराच्या फाटकावर रांग लागते. आम्ही पावणेपाचला शिडीखाली पोचलो.

मामांनी कार्ड मशीनला लावायच्या आधी माझ्याकडे बघितलं. हिरवा दिवा लागला. मग ते चढले नाहीत, दोन पायऱ्या खाली आले, बंदराच्या काँक्रीटवर परत दोन्ही पाय टेकवले आणि मुलीला म्हणाले, "काढ आता फोटो."