निफाडची थंडी आणि एमएम ५४० : इंजिन तापलं, गिअरबॉक्स कधी तापणार?

माझ्या जुन्या महिंद्रा एमएम ५४० जीपच्या ब्रेकचं काम संपलं तेव्हा नोव्हेंबर चालू होता आणि गाडी पहिल्या सेलला (स्टार्टरला) उठत होती. डिसेंबरमध्ये पारा उतरला आणि सगळं बिघडलं. निफाडची थंडी ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. राज्यातलं सगळ्यात कमी तापमान अनेकदा आमच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नोंदलं जातं. अशा पहाटे द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात आणि विहिरीचं कोमट पाणी ठिबकला सोडतात. गाडी १९९२ ची, प्यूजोचं २११२ सीसीचं एक्सडीपी ४.९० इंजिन. रात्रभर पत्र्याच्या शेडमध्ये उभी.

१३ डिसेंबर, पहाटे सव्वासहा, ६ अंश

हीटर (सेल मारण्याआधी इंजिनातली हवा तापवणारे प्लग) वीस सेकंद. तिसऱ्या सेलला कशीबशी उठली. डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर, दोन सिलिंडर मागे राहिल्यासारखा आवाज. पहिल्यातून दुसरा टाकायला गेलो तर दांडी जागची हलेना, जोर लावला तर 'कर्र'. लगेच हात काढला. सिंक्रोच्या, म्हणजे गिअर टाकताना दात्यांचा वेग जुळवणाऱ्या, पितळी रिंगा अशाच जातात.

अण्णा म्हणाले, "अरे, दहा मिनिटं चालू ठेव, आपोआप मोकळी होईल." आमच्याकडे सगळे हेच करतात, मीही करायचो. या वेळी इन्फ्रारेड थर्मामीटर घेऊन मोजलं. न्यूट्रलमध्ये दहा मिनिटांनी इंजिनाच्या हेडजवळ (वरच्या भागाजवळ) ३४ अंश आणि गिअरबॉक्सच्या कवचावर ९. म्हणजे दहा मिनिटं डिझेल जाळून गिअरबॉक्सला मिळाले ३ अंश. मग दुसऱ्या गिअरवर जोर न लावता कादवेच्या पुलापर्यंत हळू नेली. तीन किलोमीटरनंतर गिअरबॉक्स १७ वर होता आणि दुसरा गिअर लोण्यासारखा पडला.

तिथेच पुलावर उभा राहून उलगडा झाला. इंजिनमध्ये जाळ असतो, ते उभ्या जागी तापतं. गिअरबॉक्समध्ये जाळ नाही. त्याचं ऑइल दाते घुसळतात तेव्हाच तापतं, आणि न्यूट्रलमध्ये थोडे दाते फिरले तरी त्यांच्यावर लोड नसतो. डिफरन्शियल (दोन चाकांत ताकद वाटणारे गिअर) आणि चाकांच्या बेअरिंगला तर चाक फिरल्याशिवाय कळतही नाही की गाडी सुरू झाली. पण मग ३४ अंशांचं कोडं उरलं. दहा मिनिटांत इंजिन एवढंच?

१५ डिसेंबर, हीटर प्लग

आधी सोपं काम. या इंजिनात डिझेल सरळ पिस्टनवर पडत नाही, हेडमधल्या छोट्या चेंबरमध्ये पडतं. थंडीत त्या चेंबरच्या भिंतीच दाबलेल्या हवेची उष्णता खाऊन टाकतात, म्हणून प्लग लागतातच. वरची पत्ती सोडवून चारही प्लग मल्टिमीटरवर तपासले. दोन धड निघाले, दोन पूर्ण तुटलेले. माझ्या गाडीत ते समांतर जोडलेले आहेत, त्यामुळे दोन मेले तरी उरलेले दोन पेटतात आणि आपल्याला पत्ता लागत नाही. चारही नवीन घातले. दुसऱ्या दिवशी पहिल्याच सेलला उठली, धूर निम्म्यावर.

१७ डिसेंबर, थर्मोस्टॅट

रेडिएटरचा वरचा पाइप जिथे हेडला मिळतो तो कोपरा उघडला. आत थर्मोस्टॅटच नव्हता, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप! उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून आधीच्या मालकाच्या काळात कुणीतरी काढून टाकला असणार. मी गाडी घेतली तेव्हा रेडिएटर अर्धा चोंदलेला होता, खरं कारण ते होतं. रेडिएटर मी साफ करून घेतला, पण ही रिकामी जागा तशीच राहिली. थर्मोस्टॅट नसला की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं आणि इंजिन कधीच नीट तापत नाही. अर्धवट जळालेलं डिझेल पिस्टनच्या रिंगांवरून खाली उतरतं. डिपस्टिकवरच्या ऑइलला डिझेलचा वास येत होता तो यामुळेच. ज्यांच्या गाडीत 'काढून टाकलाय' असं कळलं असेल त्यांनी कृपा करून तो परत बसवा. मला याबद्दल खरंच तळमळ वाटते. या गाड्या आता नवीन मिळणार नाहीत.

८२ अंशांचा नवा आणला. बसवण्याआधी तपासलाच. आईने जुनं पातेलं दिलं, त्यात थर्मोस्टॅट दोऱ्याने टांगला, तळाला टेकू दिला नाही, शेजारी थर्मामीटर. ७५ ला काही नाही. ८० ला झडपेच्या कडेने केसाएवढी फट. ८३ पर्यंत पिवळी चकती सावकाश खाली सरकली आणि मधली स्प्रिंग दबली. गॅस बंद केल्यावर पाणी निवू लागलं तशी ती तितक्याच सावकाश मिटली. आईसुद्धा ओट्याशी उभी राहून बघत होती. बसवताना छोटी जिगल पिन वर ठेवली, आत अडकलेली हवा तिथून निघते. साध्या पाण्याऐवजी कूलंट भरलं. इंजिन ऑइलही लगेच बदललं, १५ डब्ल्यू ४०.

आता तेवढ्याच दहा मिनिटांत हेडजवळ ४८. चार किलोमीटर चालवली की काटा ८० वर आणि तिथेच स्थिर. गिअरबॉक्स मात्र दहा मिनिटांनी पुन्हा ९ वरच.

२० ते २२ डिसेंबर, गिअर ऑइल

गाडी फिरवून आणून, ऑइल गरम असतानाच ड्रेन प्लग सोडला. पडलं ते जाड, काळपट आणि बोटांत चोळलं की पितळेची बारीक चमक. इतकं जाड ऑइल १४० नंबरचंच असणार (नंबर जितका मोठा तितकं ऑइल जाड). गिअरबॉक्स कण्हतो म्हणून मिस्त्री लोक १४० भरतात, आवाज दबतो खरा, पण थंडीत सिंक्रोच्या रिंगेला कोनावरची ऑइलची पापुद्री कापायला वेळच मिळत नाही.

अण्णांना पटावं म्हणून दोन काचेच्या बाटल्या घेतल्या. एकीत नवं १४०, दुसरीत ८० डब्ल्यू ९०. रात्रभर शेडबाहेर ठेवल्या. पहाटे ५ अंशांत दोन्ही एकदम आडव्या केल्या. ९० निघालं, काकवीसारखं जड, पण थेट तोंडापर्यंत आलं. १४० तळाशी फुगून बसलं होतं, त्याची कड नुसती वाकत होती. अण्णांनी बाटली हातात घेतली, उलटी धरली, बराच वेळ बघितली आणि म्हणाले, "यात दाते फिरवायचे म्हणजे जुलूमच आहे."

८० डब्ल्यू ९० भरलं, तेही जीएल-४ (गिअर ऑइलचा दर्जा). जीएल-५ डिफरन्शियलला ठीक, पण त्यातली गंधकाची मात्रा पितळी रिंगांना मानवत नाही. फिलरच्या तोंडापर्यंत भरलं, थेंब बाहेर आला की प्लग बंद.

आता रोजचं चालतं ते असं. हीटर वीस सेकंद. सेल मारताना क्लच पूर्ण दाबलेला, म्हणजे बॅटरीला गिअरबॉक्सचं घट्ट ऑइल घुसळावं लागत नाही. गाडी उठली की न्यूट्रलमध्ये क्लच हळूच सोडतो. कान देऊन ऐका, त्या क्षणी इंजिनाचा सूर किंचित खाली बसतो, ती ऑइलची ओढ. १४० असताना सूर चांगलाच बसायचा, आता जेमतेम. ऑइल प्रेशर आलं की अर्ध्या-एक मिनिटात निघतो. पहिले तीन-चार किलोमीटर इंजिनावर जोर नाही, गिअर लवकर बदलायची घाई नाही. दुसरा टाकताना न्यूट्रलला क्षणभर थांबून डबल क्लच, म्हणजे क्लच सोडून पुन्हा दाबायचा.

रेडिएटरपुढे गोणपाट बांधायची जुनी पद्धत आहे, थर्मोस्टॅट धड असेल तर गरज नाही. इंजिनाच्या ऑइल चेंबरखाली काकडा पेटवून ऑइल गरम करणारेही मी पाहिलेत. डिझेलची पाइपलाइन आणि आजूबाजूला वाळलेली पानं असताना ते कधीही करू नका.

आज, २८ डिसेंबर, ५ अंश. पहिला सेल, दुसरा गिअर पुलाच्या अलीकडेच बिनआवाज पडला. ट्रान्सफर केसमधलं (पुढच्या चाकांनाही ताकद देणाऱ्या गिअरच्या पेटीतलं) ऑइल अजून जुनंच आहे, फोर व्हीलची दांडी पहाटे दोन्ही हातांनी ओढावी लागते. रविवारी ट्रान्सफर केसचा ड्रेन प्लग सोडतो.