सहा तास अठरा मिनिटं

जेट ए-१ या विमानाच्या इंधनात मिसळलेलं पाणी तळाला बसायचं तर खोलीच्या दर मीटरमागे तीन तास द्यावे लागतात. बाहेरच्यांना विमानतळ म्हटलं की धावपट्टी आणि टर्मिनल दिसतं. खाणीच्या आडगावातला विमानतळ मात्र या तीन तासांच्या हिशेबावर चालतो. आमच्याकडे दोन आडव्या टाक्या. एकीतून विमानांना इंधन द्यायचं, तोवर दुसरी भरून निवळत ठेवायची. आठवड्याला तीन विमानं यायची तेव्हाची ही सोय. आता खाणीची पाळी बदलणारी माणसं घेऊन रोज चार विमानं येतात. टर्मिनल वाढलं, पार्किंग वाढलं, टाक्या दोनच राहिल्या. नियोजन करणाऱ्यांनी प्रवासी मोजले, टाकीतले तास कुणी मोजलेच नाहीत.

त्या रात्री पावसाने रस्ता अडला आणि संध्याकाळचा टँकर रात्री दीडला पोचला. दहा मिनिटं उभा ठेवून चारही कप्प्यांच्या तळातून नमुने काढले. नमुना काचेच्या बरणीत घेऊन बरणी गोल फिरवायची. पाणी किंवा कचरा असेल तर भोवऱ्याखाली, तळाच्या मधोमध गोळा होतो. चारही बरण्या लख्ख निघाल्या. घनता १५ अंशांच्या हिशेबात आणून प्रमाणपत्राशी ताडली, फरक घनमीटरला तीन किलोच्या आत. सगळं नियमाप्रमाणे झालं होतं, आणि हीच गोष्ट अजून मनातून जात नाही.

टँकर रिकामा झाला ३:१० ला. टाकीत २.१ मीटर इंधन, म्हणजे सहा तास अठरा मिनिटं. सकाळी ९:२८ च्या आधी ती टाकी उघडायची नाही. विमान उतरलं ७:४० ला, आणि दुसऱ्या टाकीत सक्शनच्या, म्हणजे इंधन ओढणाऱ्या नळीच्या, पातळीखालचं इंधन तेवढं उरलेलं.

स्टेशन मॅनेजरचं म्हणणं होतं, 'साडेचार तास झालेत, नमुना बघा, स्वच्छ असेल तर सोडा.' ही मागणी सगळीकडे होते आणि वरकरणी पटतेही. तळाचा व्हॉल्व्ह उघडला. पहिल्या बादलीत इंधनाखाली पाण्याचा थर होता, दोन्हींच्या मधली रेघ पट्टीने ओढल्यासारखी. पाणी संपेपर्यंत काढलं. नंतर आलेलं इंधन डोळ्यांना निर्मळ. 'पाणी गेलं ना आता?'

तळाचं गेलं होतं. तरंगणारं डोळ्यांना दिसत नाही, त्यासाठी पाणी ओळखणारी कॅप्सूल लागते. सिरिंजच्या तोंडाला कॅप्सूल बसवायची, ती इंधनात बुडवून दट्ट्या पाच मिलिलिटरपर्यंत ओढायचा, आणि आतल्या पिवळ्या कागदाचा रंग लगेच बघायचा. कॅप्सूलची नळी उघडी राहिली तर हवेतला दमटपणाच कागद बिघडवतो, म्हणून नवी नळी फोडली. कागदाची कड पिवळीच राहिली, इंधनाने भिजलेला मधला भाग मात्र हिरवा झाला. दुसरी कॅप्सूलही तशीच. मर्यादा ३० पीपीएमची (दहा लाखांत तीस भाग) आहे, म्हणजे दहा हजार लिटरमागे ३०० मिलिलिटर. ऐकायला किरकोळ वाटतं. पण हे पाणी उंचावरच्या थंडीत गोठतं. शिवाय इंधनात विरघळलेलं पाणी वेगळंच. २१ अंशांच्या आसपास ते ४० ते ८० पीपीएम असू शकतं, आणि इंधन गार होत गेलं की तेही थेंब होऊन बाहेर पडतं. दिवसा तापणाऱ्या आणि रात्री गारठणाऱ्या माळावरच्या टाक्यांत हे रोज घडतं.

मग आला टाकी आणि विमान यांच्यामधल्या फिल्टरचा मुद्दा. फिल्टर सेपरेटर बारीक थेंब एकत्र करून मोठे करतो आणि वेगळे काढतो, हे खरं. पण टँकर धुताना राहिलेला साबणासारखा अंश इंधनात उतरला तर थेंब जुळतच नाहीत, आणि दाबातला फरक दाखवणारा काटा मात्र जागचा हलत नाही. फिल्टरच्या भरवशावर पाणी सोडणं मला मान्य नाही. १३ एप्रिल २०१० ला सुराबायाहून हाँगकाँगला निघालेल्या एअरबस ए३३० ची दोन्ही इंजिनं थ्रॉटलला दाद देईनात. विमानतळावर जमिनीखालच्या नळांतून इंधन पुरवणाऱ्या हायड्रंट यंत्रणेत खारं पाणी शिरलं होतं, त्याने फिल्टरमधल्या शोषक पदार्थाचे सूक्ष्म गोळे इंधनात आले आणि इंधनाचं माप ठरवणारे व्हॉल्व्ह त्यांनी अडकवले. विमान प्रचंड वेगात उतरवावं लागलं. तिथेही मध्ये फिल्टर होताच.

टाकी बंद ठेवली. ९:२८ ला पुन्हा तळ काढला, आणखी जवळजवळ लिटरभर पाणी निघालं. टाकीत बुडवायच्या डिपच्या पट्टीला लावलेल्या, पाणी ओळखणाऱ्या पेस्टचा रंग बदलला नाही, कॅप्सूल पिवळीधमक. विमान १०:२० ला गेलं.

पाण्याचा माग दुपारी लागला. टँकरच्या झाकणाभोवती खोलगट कडं असतं आणि त्यातलं पावसाचं पाणी खाली सोडायला बारीक नळी असते. तिसऱ्या कप्प्याची नळी खाणीच्या तांबड्या धुळीने ठासून भरली होती. कड्यात पाणी साचलं आणि गास्केटला बोटभर चीर होती तिथून आत झिरपलं. ड्रायव्हरला दोष देणार नाही, तो चिखलातून रात्रभर गाडी काढून आला होता.

पण मग तिसऱ्या कप्प्याची बरणी लख्ख कशी? उतरवायच्या जागेवर स्पिरिट लेव्हल ठेवली तेव्हा कळलं. टँकर मोठे होत गेले तशी तिथली फरशी पुढच्या बाजूला खचली होती. टँकर नाक खाली करून उभा राहायचा, नमुन्याचा नळ मागच्या बाजूला. पाणी पुढच्या कोपऱ्यात बसून राहिलं आणि शेवटच्या इंधनाबरोबर पंपात ओढलं गेलं. पंपाने त्याचे इतके बारीक थेंब केले की ते बसायला पूर्ण सहा तास लागले.

फरशी आता समतल केली आहे. टँकर आत घेण्याआधी झाकणाच्या नळ्या तारेने साफ करतो. तिसऱ्या टाकीची मागणी लिहून दिली आहे. विलंबाच्या नोंदीत कारण पडलं 'इंधन उपलब्ध नाही', कारण तक्त्यात 'इंधन निवळत आहे' असा रकानाच नाही. फरशी कधी खचली ते कुठेच लिहिलेलं नाही. तोवर आलेल्या प्रत्येक टँकरपुढे रजिस्टरात 'नमुना स्वच्छ' असं लिहिलंय, त्यातल्या कित्येक नोंदी माझ्याच हातच्या.