ओ मायनस सी

मी 'ताऱ्यांवर काहीतरी करते' एवढंच नातेवाइकांना ठाऊक आहे. खरं तर मी वेळा मोजते. जोडताऱ्यातला एक तारा दुसऱ्याला झाकतो तेव्हा जोडीचा प्रकाश उतरतो. तो सर्वांत कमी कधी झाला ती वेळ टिपायची आणि गणितानं आलेली वेळ त्यातून वजा करायची. हा फरक म्हणजे ओ मायनस सी, 'ऑब्झर्व्ड' वजा 'कॅल्क्युलेटेड'. आमची निम्मी भांडणं त्याच्यावरूनच होतात.

माझा जीव डब्ल्यू अर्से मेजोरिस जातीच्या जोड्यांवर. दोन्ही तारे एकाच वायूच्या आवरणात, एकमेकांना चिकटलेले. ज्या जोडीवरून जातीला हे नाव पडलं, तिची फेरी आठ तासांत संपते. कॉलेजात शिकवणाऱ्या माणसाला हे सोयीचं, एक रात्र निरभ्र मिळाली की काम झालं. फक्त ती जून ते सप्टेंबर मिळत नाही. तेव्हा आकाश बंद, वर्ग सुरू.

टीवायला, म्हणजे पदवीच्या तिसऱ्या वर्षाला, 'रिड्यूस्ड मास' (एकमेकांभोवती फिरणाऱ्या दोन वस्तूंचं गणित सोपं करणारं वस्तुमान) आला की ठरलेला प्रश्न येतो, "मॅडम, हे परीक्षेला येतं का?" येतं. पण जोडताऱ्याची फेरी हाच ताऱ्याचं वस्तुमान थेट मोजायचा भरवशाचा मार्ग आहे, हे पुस्तकात एका ओळीत उरकलेलं असतं. मग मी फळ्यावर ययाती तारकासमूह काढते आणि त्यातला अल्गोल हा जोडतारा दाखवते. दर 2 दिवस 20 तास 49 मिनिटांनी तो मंदावतो. 1783 साली इंग्लंडमधल्या यॉर्कच्या जॉन गुडरिकनं नुसत्या डोळ्यांनी हा काळ काढला. वय 18, कानांनी बहिरा. एखादी काळोखी वस्तू ताऱ्यापुढून जात असावी, असंही त्यानं सुचवलं. शंभरेक वर्षांनी वर्णपटानं त्याला दुजोरा दिला.

अल्गोलची खरी गंमत पुढे आहे. जड तारा लवकर म्हातारा व्हायला हवा. इथं सूर्याच्या तिपटीहून जड तारा तरणा आणि सूर्याहून हलका जोडीदार फुगून म्हातारा! कारण आजचा हलका तारा एके काळी जड होता. फुगल्यावर त्याचा माल दुसऱ्याकडे वाहत गेला. "म्हणजे थोरल्यानं बक्षीसपत्र करून दिलं," असं एक मुलगा मागच्या बाकावरून म्हणाला. मी ते चोरलंय.

प्रॅक्टिकलला मात्र मी खडूस. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, म्हणून ताऱ्याचा प्रकाश कधी आठ मिनिटं लवकर पोचतो, कधी तेवढाच उशिरा. ही दुरुस्ती न करता जर्नल आणलं तर सही नाही. मुलं कुरकुरली की केआयसी 9832227 या जोडताऱ्याची गोष्ट सांगते. 2022 च्या सुमारास ही जोडी एकमेकांत विलीन होऊन नुसत्या डोळ्यांना दिसेल, असं भाकीत 2017 मध्ये जाहीर झालं, जगभर गाजलं. दुसऱ्याच वर्षी दुसऱ्या गटानं जुन्या नोंदी तपासल्या. एका ग्रहणाची वेळ 12 तासांनी चुकलेली निघाली आणि भाकीत बाद झालं.